शीत संमीलन : धातूच्या पृष्ठभागावर की गाभ्यात?

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठाने सॉल्ट लेक सिटी येथे पत्रकार परिषद बोलावली. विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्टॅन्ली पॉन्स आणि ब्रिटनमधील साउदम्प्टन विद्यापीठाचे ज्येष्ठ विद्युत-रसायनशास्त्रज्ञ मार्टिन फ्लाइशमन यांनी त्या दिवशी केलेल्या घोषणेने विज्ञानजगत हादरले. सूर्याच्या अंतर्भागात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला ज्या प्रकारची प्रक्रिया घडते, ते अणुकेंद्रकांचे संमीलन आपण काचेच्या लहानशा भांड्यात, खोलीच्या तापमानाला घडवून आणले आहे, असा त्यांचा दावा होता. 'कोल्ड फ्युजन' अर्थात शीत संमीलन हे नाव त्यानंतर जगभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले.

पुढील काही महिन्यांतच अनेक नामवंत प्रयोगशाळांनी हा दावा फेटाळला. तरीही तो पूर्णपणे विस्मरणात गेला नाही. जपान, इटली, अमेरिका आणि काही काळ भारतातही त्यावर काम होत राहिले. 'हे खरे की खोटे' हाच या वादातील मुख्य प्रश्न मानला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच्या पोटात आणखी एक, अधिक नेमका प्रश्न आहे. संमीलन घडत असेल, तर ते धातूच्या नेमक्या कोणत्या भागात घडते? पृष्ठभागावर की खोल गाभ्यात?

हा प्रश्न केवळ तपशिलाचा नाही. प्रक्रिया गाभ्यात घडत असेल, तर मिळणारी उष्णता धातूच्या घनफळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे आणि तयार झालेली द्रव्ये धातूच्या आत अडकून राहिली पाहिजेत. ती पृष्ठभागावर घडत असेल, तर उष्णता क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढेल आणि द्रव्ये बाहेरील वायूत सापडतील. म्हणजेच दाव्याची परीक्षा कशी घ्यायची, हे या उत्तरावर अवलंबून आहे.

धातू की स्पंज?

या प्रयोगाच्या केंद्रस्थानी पॅलॅडियम हा चांदीसारखा दिसणारा मौल्यवान धातू आहे. स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन वायू तो शोषून घेऊ शकतो. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हा गुणधर्म अभ्यासला होता. १९२६ मध्ये बर्लिन येथील फ्रिट्झ पानेथ आणि कुर्ट पीटर्स यांनी पॅलॅडियममध्ये शोषलेल्या हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर झाल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्यांनी तो दावा मागे घेतला. सापडलेले हेलियम धातूत तयार झालेले नव्हते, तर उपकरणाच्या काचेसारख्या घटकांतून बाहेर पडले होते. या जुन्या चुकीची आठवण पुढील कथेत पुन्हा येणार आहे.

फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा त्याचा जड भाऊ वापरला. ड्युटेरियमच्या अणुकेंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. ड्युटेरियमपासून बनलेल्या जड पाण्यात त्यांनी लिथियमचा क्षार विरघळवला. पॅलॅडियमची दांडी हे ऋणाग्र आणि प्लॅटिनमची तार हे धनाग्र अशी रचना करून विद्युतप्रवाह सोडला. पाण्याचे अपघटन होऊन ड्युटेरियमचे अणू पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर जमा होतात. त्यांतील काही एकमेकांशी जोडले जाऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात, तर काही धातूत शिरतात. कित्येक आठवडे हा क्रम चालू ठेवल्यावर पुरवलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता मिळाली, असे या दोघांचे म्हणणे होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ड्युटेरियम कोठेही गेले तरी ते पृष्ठभागातूनच आत जाते. तेव्हा पृष्ठभागाचा संबंध येतो हे निर्विवाद आहे. तो केवळ प्रवेशद्वार आहे की प्रत्यक्ष घटनास्थळ, एवढाच प्रश्न उरतो.

गाभ्याच्या बाजूने

फ्लाइशमन आणि पॉन्स यांचे स्वतःचे उत्तर स्पष्ट होते. एप्रिल १९८९ मध्ये 'जर्नल ऑफ इलेक्ट्रोअ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी १, २ आणि ४ मिलिमीटर व्यासाच्या, १० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यांचे आकडे दिले. दांडीचा व्यास चौपट केला, तर तिच्या बाजूच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण घनफळ सोळापट होते. अतिरिक्त उष्णता घनफळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ही घटना धातूच्या अंतर्भागातील आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दर घन सेंटिमीटरमागे १० वॅटपेक्षा अधिक उष्णता मिळाल्याचेही त्यांनी नमूद केले. पॅलॅडियमच्या एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा काही भाग वितळून उपकरणाची नासधूस झाल्याची घटनाही त्याच निबंधात आहे.

गाभ्याच्या बाजूने दुसरा पुरावा कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतून आला. तेथे मायकेल मॅककुब्री यांच्या गटाने पॅलॅडियमच्या विद्युतरोधावरून त्यात किती ड्युटेरियम भरले आहे याचे सतत मोजमाप ठेवले. पॅलॅडियमच्या दर दहा अणूंमागे ड्युटेरियमचे सुमारे नऊ अणू भरल्याखेरीज अतिरिक्त उष्णता दिसत नाही, असे त्यांनी मांडले. एवढ्या प्रमाणात भरणा करणे अत्यंत कठीण असते. १९८९ मध्ये घाईने केलेल्या अनेक प्रयोगांत तो झालाच नव्हता, असा युक्तिवाद समर्थक आजही करतात.

भरण्याचे प्रमाण हा संपूर्ण धातूचा गुणधर्म होय. त्यामुळे हा पुरावा वरकरणी गाभ्याच्या बाजूचा वाटतो. मात्र मॅककुब्री यांच्याच सूत्रात आणखी दोन घटक होते. एक, पृष्ठभागाच्या दर एकक क्षेत्रफळामागे वाहणारा विद्युतप्रवाह. दुसरा, पृष्ठभागातून आतबाहेर होणारी ड्युटेरियमची ये-जा. हे दोन्ही घटक पृष्ठभागाशी निगडित आहेत. एकाच सूत्रात दोन्ही बाजूंची साक्ष मिळावी, ही या विषयाची खास अडचण आहे.

अंतराचा हिशेब

गाभ्याची कल्पना आकर्षक असली, तरी भौतिकशास्त्रज्ञांचा पहिला आक्षेप तिलाच होता. ड्युटेरियमची दोन अणुकेंद्रके धनभारित असल्याने परस्परांना दूर ढकलतात. ती जुळून येण्यासाठी फारच जवळ यावी लागतात. धातूत एवढे ड्युटेरियम कोंबल्यावर अणू परस्परांच्या अगदी जवळ येत असतील, असे सामान्य वाचकाला वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते. ड्युटेरियमने भरलेल्या पॅलॅडियममध्ये हे अणू धातूच्या स्फटिकजालकातील ठरावीक मोकळ्या जागांत बसतात आणि शेजारच्या दोन जागांतील अंतर सुमारे २.८ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. याउलट साध्या ड्युटेरियम वायूच्या रेणूत दोन अणुकेंद्रकांतील अंतर केवळ ०.७४ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे धातूच्या आत ती वायूपेक्षा जवळजवळ चौपट दूर असतात.

स्टीव्हन कूनिन आणि मायकेल नॉएनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच ड्युटेरियमच्या रेणूतील संमीलनाचा वेग नव्याने काढला. तो इतका क्षुद्र आहे, की सूर्याच्या वस्तुमानाएवढे ड्युटेरियम घेतले तरी त्यात वर्षभरात जेमतेम दोन-तीन संमीलने घडतील. रेणूत ही स्थिती, तर त्याहून दूर बसलेल्या अणूंकडून वॅटभर उष्णतेची अपेक्षा कशी करावी? म्हणूनच निर्दोष, नीटस स्फटिकाचा गाभा ही संमीलनासाठी सर्वांत गैरसोयीची जागा ठरते. गाभ्याच्या समर्थकांनाही मग स्फटिकातील रिकाम्या जागा, तडे अशा काही अपवादात्मक ठिकाणांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप प्रारणांचा. ड्युटेरियमच्या दोन अणुकेंद्रकांचे संमीलन तीन वाटांनी होते. जवळपास निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन तयार होतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. हेलियम-४ आणि तीव्र गॅमा किरण ही तिसरी वाट सुमारे एक कोटी वेळांत एकदा घडते. पहिल्या दोन वाटांनी एक वॅट उष्णता मिळवायची, तर दर सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील. न्यूट्रॉन धातूच्या दांडीतून सहज आरपार जातात. उगम पृष्ठभागावर असो वा गाभ्यात, ते लपून राहू शकत नाहीत. एवढे न्यूट्रॉन निर्माण झाले असते, तर भांड्याशेजारी उभा राहून प्रयोग करणारा संशोधक निभावला नसता. हा आक्षेप दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. त्यातून वाट काढण्यासाठी समर्थक असे म्हणतात, की धातूत तिसरी वाटच प्रमुख ठरते आणि गॅमा किरणांची ऊर्जा स्फटिकजालकात उष्णतेच्या रूपाने विखुरते. अशी यंत्रणा आजवर सर्वमान्य झालेली नाही.

हेलियमची साक्ष

समर्थकांचे म्हणणे क्षणभर मान्य केले, तर जागेचा शोध घेण्याचे एक उत्तम साधन हाती येते. ते म्हणजे हेलियम. हायड्रोजन पॅलॅडियममध्ये मुक्तपणे हिंडतो, पण हेलियम तसे करू शकत नाही. धातूत खोलवर तयार झालेले हेलियम तेथेच अडकून पडते. ते बाहेर काढायचे, तर धातू वितळवावा लागतो. तेव्हा संमीलन गाभ्यात होत असेल, तर दांडी वितळवल्यावर त्यात भरपूर हेलियम सापडायला हवे.

सुरुवातीच्या काळात वापरलेल्या दांड्यांची तपासणी करण्यात आली, तेव्हा उष्णतेच्या दाव्याशी जुळेल एवढे हेलियम गाभ्यात आढळले नाही. पुढे अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील प्रयोगशाळेत मेल्विन माइल्स यांनी धातूऐवजी बाहेर पडणारा वायू तपासला. अतिरिक्त उष्णता दिसली तेव्हा वायूत हेलियम आढळले आणि उष्णता नसताना ते आढळले नाही, असे त्यांनी १९९१ पासून प्रसिद्ध केले. तिसऱ्या वाटेने एक ज्यूल उष्णता मिळाली, तर सुमारे २६ हजार कोटी हेलियम अणू तयार व्हायला हवेत. माइल्स यांचे आकडे त्याच पातळीतील होते. एसआरआयमधील एका प्रयोगात वायूत मिळालेले हेलियम प्रथम अपेक्षेपेक्षा कमी भरले. ड्युटेरियम धातूत पुन्हा पुन्हा आतबाहेर खेळवल्यावर आणखी हेलियम बाहेर आले, असे तेथील संशोधकांनी नोंदवले.

ही मोजमापे बरोबर असतील, तर त्यांचा अर्थ उघड आहे. बहुतेक हेलियम सहज वायूत निसटते आणि थोडे उथळ थरात अडकते, म्हणजे त्याचा उगम पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरातच असला पाहिजे. फ्लाइशमन-पॉन्स यांच्या 'गाभ्या'च्या निष्कर्षाला पहिला गंभीर धक्का असा त्यांच्याच समर्थकांच्या प्रयोगांतून बसला.

परंतु या साक्षीला दुसरी बाजू आहे. गाभ्यात अडकलेले हेलियम बाहेरून येणे अवघड असते, तर वायूत सापडणारे हेलियम हवेतूनही आलेले असू शकते. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या दर दहा लाख भागांत हेलियमचे सुमारे ५.२ भाग असतात. एखाद्या उपकरणाने दिवसभर वॅटचा दहावा भाग एवढी अतिरिक्त उष्णता दिली असे समजू. तिच्याशी जुळणारे सारे हेलियम जेमतेम १६ घन सेंटिमीटर, म्हणजे एका मोठ्या चमच्यात मावेल एवढ्या हवेत असते. चोवीस तासांत चमचाभर हवा भांड्यात झिरपली, तरी नेमका तेवढाच आकडा मिळेल. काचेतूनही हेलियम हळूहळू झिरपते. १९२७ मध्ये पानेथ आणि पीटर्स यांना दावा मागे घ्यावा लागला, तो याच कारणाने. समर्थक यावर उत्तर देतात, की धातूची भांडी वापरूनही हेलियम मिळाले आणि साध्या पाण्याच्या तुलनात्मक प्रयोगांत ते मिळाले नाही. तरीही संशय पूर्णपणे दूर करील असा, स्वतंत्र प्रयोगशाळांनी जसाच्या तसा पुन्हा करून दाखवलेला प्रयोग अद्याप झालेला नाही.

तुर्भ्यातील प्रयोग

या वादात मुंबईचाही वाटा आहे. युटातील घोषणेनंतर काही आठवड्यांतच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात असे प्रयोग सुरू झाले. केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांनी या कामाला चालना दिली. डॉ. महादेव श्रीनिवासन यांच्यासह केंद्रातील सुमारे बारा गटांनी त्यात भाग घेतला. त्यांचा एकत्रित अहवाल डिसेंबर १९८९ मध्ये 'बीएआरसी-१५००' या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. जड पाण्याचा आणि ट्रिटियमच्या मोजमापाचा दीर्घ अनुभव असलेल्या केंद्राने हे काम केल्यामुळे जगभरात त्याची दखल घेतली गेली.

या गटांनी भर दिला तो न्यूट्रॉन आणि ट्रिटियम यांवर. दोन्ही आढळल्याचे अहवालात म्हटले होते. परंतु नेहमीच्या संमीलनात ही दोन जवळपास समप्रमाणात असतात, तर येथे एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे सुमारे दहा कोटी अणू, असे विलक्षण प्रमाण मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने तुर्भ्यातील एक प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. ड्युटेरियम भरलेल्या टायटॅनियमच्या चकत्या क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवून त्यांतील ट्रिटियमचे चित्र घेण्यात आले. फिल्म सर्वत्र सारखी काळवंडली नाही. काही जागीच ठळक ठिपके उमटले. ट्रिटियम संपूर्ण धातूत समान पसरलेले नसून विशिष्ट जागी एकवटले आहे, असा अर्थ संशोधकांनी लावला.

मात्र या फिल्मची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ट्रिटियममधून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात, की धातूत ते फार तर काही मायक्रॉन अंतर कापू शकतात. मिलिमीटरभर खोल असलेले ट्रिटियम फिल्मवर उमटूच शकत नाही. भिंतीच्या गिलाव्यावर ओल दिसली, म्हणून गळती गिलाव्यातच आहे असे होत नाही. नळ आत खोलवर फुटलेला असू शकतो. घटना काही मोजक्या जागी घडते, एवढे ही फिल्म सुचवते. ती पृष्ठभागावरच घडते, हे ती सिद्ध करू शकत नाही.

केंद्रातील हे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थंडावले. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नई येथे भरली. फेब्रुवारी २०१५ मध्ये 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या नियतकालिकाने त्यावर विशेष विभाग प्रसिद्ध केला. डॉ. श्रीनिवासन हे त्याच्या दोन संपादकांपैकी एक होते.

पृष्ठभागाकडे झुकलेला काटा

१९९० नंतर समर्थकांचे प्रयोग हळूहळू जाड दांड्यांकडून पातळ थरांकडे वळले. अमेरिकी नौदलाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेत स्टॅनिस्लाव स्पाक आणि पामेला मोझियर-बॉस यांनी पॅलॅडियमची दांडी वापरणेच सोडून दिले. जड पाण्यात पॅलॅडियमचा क्षार विरघळवून त्यांनी धातू आणि ड्युटेरियम यांचा एकत्रित थर तारेवर चढवला. थर वाढत असतानाच त्यात ड्युटेरियम भरले जात असल्याने कित्येक आठवडे वाट पाहण्याची गरज उरत नाही. अवरक्त कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांत या थरावर क्षणभर चमकून विझणारे उष्ण ठिपके दिसल्याचे त्यांनी म्हटले. किरणांचे माग उमटणारे सीआर-३९ हे प्लॅस्टिक थराला लागून ठेवून त्यावर अणुकण आदळल्याच्या खुणा मिळाल्याचाही त्यांचा दावा होता. अशा खुणा रासायनिक झिजेमुळेही उमटू शकतात, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठाचे योशिआकी अराता यांनी अतिसूक्ष्म पॅलॅडियम भुकटीचा मार्ग धरला आणि २००८ मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिकही केले. यामागील गणित सोपे आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे कण केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. इटलीतील फ्रास्काती येथे व्हिटोरियो व्हिओलान्ते यांच्या गटाने पॅलॅडियमच्या पृष्ठभागाची घडण आणि त्यावरील स्फटिककणांची दिशा यांचा अतिरिक्त उष्णतेशी संबंध असल्याचे मांडले. एकाच जातीच्या धातूचा एक तुकडा 'चालतो' आणि दुसरा 'चालत नाही', या जुन्या तक्रारीचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण होते.

येथेही सावधगिरी आवश्यक आहे. कित्येक आठवड्यांच्या अपघटनानंतर ऋणाग्राचा पृष्ठभाग शुद्ध पॅलॅडियमचा राहतच नाही. द्रावणातील लिथियम, काचेतून विरघळलेले सिलिकॉन, धनाग्रातून सुटलेले प्लॅटिनम असे अनेक पदार्थ त्यावर बसतात. या थराची रचना प्रत्येक भांड्यात वेगळी असते. शिवाय बुडबुड्यांतील ड्युटेरियम आणि ऑक्सिजन पृष्ठभागावर पुन्हा एकत्र येऊन साधी रासायनिक उष्णता देऊ शकतात. उष्णतेच्या हिशेबात त्यांचे पुनर्मीलन धरले नसेल, तर तीच 'अतिरिक्त' भासते. थोडक्यात, समर्थकांना ज्या थरात संमीलनाच्या खुणा दिसतात, त्याच थरात फसगतीच्या शक्यताही सर्वाधिक आहेत.

सिद्धान्तांची फाटाफूट

प्रयोगांत एकवाक्यता नसेल, तर सिद्धान्तांत ती कोठून येणार? २००६ मध्ये अ‍ॅलन विडॉम आणि लुईस लार्सन यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार सारे काही पृष्ठभागावर घडते. तेथील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनांमुळे अतिमंद न्यूट्रॉन तयार होतात आणि ते आसपासच्या अणूंत शिरतात, असे ते सुचवतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे पीटर हॅगलस्टाइन स्फटिकजालकाच्या कंपनांवर आणि धातूतील रिक्त जागांवर भर देतात. लॉस अ‍ॅलामॉस येथील निवृत्त संशोधक एडमंड स्टॉर्म्स यांच्या मते ही प्रक्रिया निर्दोष स्फटिकात शक्यच नाही. पृष्ठभागालगतच्या अतिसूक्ष्म भेगांत ती घडते. स्टॉर्म्स यांच्या मांडणीत पृष्ठभाग आणि गाभा हा भेदच काहीसा पुसला जातो, कारण भेग म्हणजे आत वळलेला पृष्ठभागच होय. यांपैकी एकही सिद्धान्त भौतिकशास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे स्वीकारलेला नाही.

जेथे जागा निश्चित आहे

धातूतील संमीलनाचे असेही काही प्रयोग आहेत, ज्यांत घटनेची जागा आधीच ठाऊक असते. वेगवान ड्युटेरियम कणांचा झोत धातूवर सोडला, तर आत बसलेल्या ड्युटेरियमशी त्यांची टक्कर होऊन संमीलन घडते आणि न्यूट्रॉन मोजता येतात. याविषयी वाद नाही. जर्मनी आणि जपानमधील गटांनी असे दाखवले, की मंद गतीच्या झोतात पॅलॅडियमसारख्या धातूत संमीलनाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त भरते. धातूतील इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांमधील दुरावा काही अंशी झाकून टाकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. असा झोत धातूत मायक्रॉनच्या अंशाइतकाच खोल जातो. तेव्हा ही घटना निःसंशय उथळ थरातील आहे.

याउलट अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेच्या क्लीव्हलँड येथील ग्लेन केंद्राने २०२० मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू सी'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्बियम आणि टायटॅनियम या धातूंत ड्युटेरियम भरून त्यांवर तीव्र क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. असे किरण धातूत खोलवर शिरतात, ड्युटेरियम फोडून न्यूट्रॉन मोकळे करतात आणि त्या न्यूट्रॉनचा धक्का बसलेली अणुकेंद्रके इतरांवर आदळून संमीलन पावतात. ही घटना गाभ्यातील आहे. मात्र तिला बाहेरून मोठी ऊर्जा पुरवावी लागते. फ्लाइशमन-पॉन्स यांच्या दाव्याशी तिची गल्लत करता येणार नाही.

'गूगल'च्या निधीतून २०१५ पासून चाललेल्या प्रकल्पाचा अहवाल २७ मे २०१९ रोजी 'नेचर'मध्ये आला. अतिरिक्त उष्णतेचा कोणताही पुरावा मिळाला नाही, तसेच पॅलॅडियममध्ये अतिउच्च प्रमाणात ड्युटेरियम भरून ते टिकवणे व मोजणे अत्यंत अवघड असल्याचे त्यात म्हटले होते. त्या प्रकल्पातील कर्टिस बर्लिंगेट यांच्या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील गटाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर'मध्येच एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पॅलॅडियमच्या एका बाजूवर ड्युटेरियमच्या आयनांचा मारा केला जातो आणि दुसऱ्या बाजूने विद्युत-रासायनिक पद्धतीने ड्युटेरियम भरले जाते. अशा भरण्यामुळे संमीलनाचे प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनी वाढल्याचे न्यूट्रॉनच्या मोजणीवरून दिसले. संमीलन मारा होणाऱ्या बाजूच्या पातळ थरात घडते, पण त्याला इंधन मिळते ते धातूच्या गाभ्यातून. या यंत्राला सुमारे १५ वॅट वीज लागते आणि संमीलनातून मिळते ती वॅटचा अब्जावा भाग एवढीच. ऊर्जास्रोत म्हणून त्याचे मूल्य शून्य असले, तरी पृष्ठभाग आणि गाभा यांच्या भूमिका त्याने प्रथमच वेगवेगळ्या करून, न्यूट्रॉनच्या भक्कम कसोटीवर मोजल्या आहेत.

मग उत्तर काय?

१९८९ चा 'गाभा' हा निष्कर्ष आज शीत संमीलनाचे बहुतेक समर्थकही तसाच्या तसा मांडत नाहीत. त्यांच्या पुराव्यांचा कल पृष्ठभागालगतच्या काही मायक्रॉनच्या थराकडे, त्यातही मोजक्या ठिपक्यांकडे आणि भेगांकडे आहे. पण हा कल काही अंशी मोजमापाच्या साधनांनी घडवलेला आहे. फिल्म, अवरक्त कॅमेरा आणि प्लॅस्टिक ही तिन्ही साधने केवळ पृष्ठभागच पाहू शकतात. वायूतील हेलियमची साक्ष सर्वांत वजनदार आहे आणि तिलाच हवेच्या गळतीचा धोका सर्वाधिक आहे.

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग जुनाच आहे आणि तो फ्लाइशमन-पॉन्स यांच्या पहिल्याच तक्त्यात सूचित होता. एकाच धातूचे, सारख्या पृष्ठभागाचे पण वेगवेगळ्या जाडीचे तुकडे घ्यावेत. निकाल काय लागला तर कोणते अनुमान काढायचे, हे आधीच लिहून ठेवावे. उष्णता आणि हेलियम यांचे मोजमाप परस्परांना न कळवता वेगवेगळ्या हातांनी करावे. प्रयोगानंतर धातू थराथराने खरवडून कोणत्या खोलीवर किती हेलियम आहे ते पाहावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या 'आर्पा-ई' या संस्थेने अशा निर्णायक चाचण्यांसाठी आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर जाहीर केले, तेव्हा हा प्रश्न निकालात काढावा हाच हेतू होता.

फ्लाइशमन यांचे ३ ऑगस्ट २०१२ रोजी निधन झाले. त्यांचा दावा खरा ठरायचा असेल, तर उष्णतेचा आणखी एखादा मोठा आकडा पुरेसा नाही. उगमाच्या खोलीचा छोटासा, पण कोणालाही पुन्हा मोजता येईल असा आकडा त्यासाठी लागेल. घटना कोठे घडते हे ज्या दिवशी निश्चित सांगता येईल, त्याच दिवशी ती घडते की नाही याचाही निकाल लागेल.